दगड आणि दर्या: मानी द्वीपकल्पाची ओळख

पेलोपोनीसच्या नकाशात दक्षिणेकडे समुद्रात उतरलेली तीन भूशिरे दिसतात. पश्चिमेचे मेसीनियाचे, पूर्वेचे मालेयास टोकाकडे जाणारे, आणि या दोहोंच्या मधले, उघडेबोडके, कण्यासारखी डोंगररांग पाठीवर घेतलेले मानी. तायगेतोस पर्वत उत्तरेकडून येतो. त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे २४०० मीटर उंच आहे. तिथून रांग उतरत उतरत तेनारोच्या टोकाशी समुद्रात शिरते. ग्रीसच्या मुख्य भूमीचे हे सर्वांत दक्षिणेचे टोक. युरोपच्या मुख्य भूमीवर याहून दक्षिणेला जायचे तर थेट स्पेनमधले तारीफा गाठावे लागते.

मानीविषयी जगभर एकच कहाणी सांगितली जाते. ओसाड खडक, त्यावर दगडी बुरूज, बुरुजांत पिढ्यान्‌पिढ्या वैर जपणारी घराणी, आणि तुर्कांना कधीच पूर्ण शरण न गेलेली स्वतंत्र माणसे. या कहाणीत खोटे फारसे काही नाही. पण ती अपुरी आहे, आणि अपुरी राहून ती मानीला जगापासून तुटलेल्या एखाद्या चमत्कारिक कोपऱ्यासारखी दाखवते. मला दिसलेली मानी वेगळी आहे. तिच्या पाठीशी डोंगर आहे हे खरे. पण तिचे दोन्ही हात समुद्रात आहेत. तिचा दगड रोमला गेला, तिची माणसे कोर्सिकाला गेली, तिच्या किनाऱ्यावर भाडोत्री सैनिकांचे तळ पडले, चाचे आले, गुलामांचा बाजार भरला. हे पुस्तक लिहिण्याचे कारण तेच: डोंगराबरोबर दर्याही वाचल्याखेरीज मानी कळत नाही.

भूगोलापासूनच सुरुवात करावी लागते, कारण इथे इतिहासाची बरीच कोडी भूगोलात सुटतात. मानीचे तीन भाग मानतात. वायव्येकडची बाह्य मानी त्यातल्या त्यात हिरवी आहे. कार्दामिलीच्या मागे वीरोस नदीची खोल घळ आणि वर तायगेतोसची फरची व पाइनची राने. पूर्वेकडची खालची मानी लाकोनियाच्या आखाताकडे तोंड करून आहे. आणि इतिलोच्या खाडीपासून दक्षिणेला पश्चिम किनाऱ्याने तेनारोपर्यंत जाते ती आतली मानी. बुरुजांची, वैरांची, विलापगीतांची म्हणून जी मानी प्रसिद्ध आहे ती प्रामुख्याने हीच.

हा सगळा चुनखडीचा मुलूख. हिवाळ्यात पाऊस पडतो, पण पाणी वर राहत नाही. भेगांतून खाली उतरते आणि जमिनीखाली गुहा कोरत समुद्राला मिळते. बारमाही वाहती नदी नाही, झरे मोजके. त्यामुळे घराखाली किंवा अंगणाच्या पोटात खोदलेली पाण्याची टाकी हीच कुटुंबाची खरी ठेव. माती इतकी थोडी की शेत करायचे म्हणजे आधी दगड वेचायचे, आणि वेचलेल्या दगडांचे करायचे काय, तर बांध घालायचे. चुना-मातीशिवाय नुसत्या दगडावर दगड रचून घातलेले हे बांध डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल पसरलेले आहेत. त्यांच्या आत थोडे जव, थोडी ल्युपिनची कडवट कडधान्ये, आणि ऑलिव्ह. दुष्काळी वर्षी हा मुलूख माणसांना पोसू शकत नसे. इथली चाचेगिरी, इथले स्थलांतर आणि हातभर जमिनीसाठी पडलेले खून यांच्या मुळाशी ही टंचाई आहे. शौर्याची गोष्ट सांगताना ती विसरली जाते.

पण या टंचाईच्या प्रदेशाचे सौंदर्यही तिथूनच आलेले आहे. मार्च-एप्रिलमध्ये याच दगडांच्या फटींतून रानफुले उसळतात. सुगंधी सेजचा आणि थाइमचा वास उन्हाबरोबर वर येतो. लिमेनीच्या खाडीत पाणी इतके स्वच्छ की तळातले गोटे दिसतात, कारण गाळ आणणारी नदीच नाही. शरद ऋतूत युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले लावे समुद्र ओलांडण्याआधी टोकाजवळ उतरतात. पोर्तो कायो या बंदराला त्यांच्यावरूनच नाव मिळाले. लोक जाळी लावून त्यांना पकडत आणि खारवून ठेवत. डुकराचे मांस सेजच्या धुरावर भाजून चरबीत मुरवलेले ‘सिग्लिनो’ आजही घरोघरी होते, आणि किनाऱ्याच्या खडकांच्या खळग्यांत साठून वाळलेले मीठ हातांनी खरवडून गोळा करण्याची रीतही टिकून आहे.

माणसांचा इतिहास इथे किती मागे जातो याचे उत्तर अलीकडे बदलले. पश्चिम किनाऱ्यावरच्या अपिदिमा गुहेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोन कवट्यांचे अवशेष सापडले होते. अनेक वर्षे त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते. २०१९ साली कातेरिना हार्वाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले की त्यातली एक कवटी निअँडरथल माणसाची, सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची आहे. आणि दुसरी त्याहूनही जुनी, २ लाख १० हजार वर्षांहून अधिक जुनी, आणि ती आपल्याच जातीच्या, आधुनिक मानवाची आहे. यावर सगळ्यांचे एकमत झालेले नाही. पण हे अनुमान टिकले तर आफ्रिकेबाहेर आपल्या जातीची आजवर माहीत असलेली सर्वांत जुनी खूण मानीच्या एका कड्यात आहे असे म्हणावे लागेल.

थोडे दक्षिणेला दिरोसच्या खाडीवर अलेपोत्रिपा, म्हणजे कोल्ह्याचे बीळ, ही गुहा आहे. इसवीसनापूर्वी सुमारे ६००० ते ३२०० या काळात इथे माणसे राहिली, धान्य साठवत राहिली, आपले मृत पुरत राहिली. मग दरड कोसळून तोंड बंद झाले आणि आतले सगळे जसेच्या तसे राहिले. १९७० पासून योर्गोस पापाथानासोपूलोस यांनी इथे केलेले उत्खनन हा ग्रीक नवाश्मयुगाच्या अभ्यासातला मोठा टप्पा आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: गुहेत मीलोस बेटावरचा ऑब्सिडियन, म्हणजे धारदार काळी काच, सापडला. मीलोस समुद्रापार आहे. म्हणजे पाच ते आठ हजार वर्षांपूर्वीही हा किनारा कुणापासून तुटलेला नव्हता.

प्राचीन ग्रीक साहित्यात मानीचे उल्लेख तुरळक पण ठसठशीत आहेत. ‘इलियड’मधल्या जहाजांच्या यादीत इतिलोचे नाव येते; अकिलीसचा राग शांत करण्यासाठी अगामेम्नॉन जी सात नगरे देऊ करतो त्यांत कार्दामिली आहे. तेनारोला पोसायडनचे मंदिर होते आणि जवळच पाताळात उतरणारी गुहा. हेराक्लीसने कर्बेरस कुत्र्याला तिथूनच ओढत वर आणले असे मानत. हे मंदिर शरणागतांचे अभयस्थान होते. स्पार्टाने तिथे आश्रय घेतलेल्या गुलाम हेलोतांना बाहेर काढून मारले, आणि इसवीसनापूर्वी ४६४ च्या भयंकर भूकंपाचे कारण ते पापच, अशी स्पार्टावासीयांचीच धारणा होती. थ्युसिडिडीसने ती नोंदवून ठेवली आहे. अलेक्झांडरच्या अखेरच्या वर्षांत याच तेनारोला बेकार झालेले हजारो भाडोत्री सैनिक जमा झाले आणि अथेन्सच्या लिओस्थेनीसने इथूनच मॅसिडोनियाविरुद्धच्या युद्धासाठी फौज उभी केली. रोमच्या काळात इथल्या खाणींतला लाल संगमरवर राजवाड्यांच्या सजावटीसाठी जहाजांतून गेला. दुसऱ्या शतकात पॉसेनियास इथे फिरला आणि देवळे, बंदरे व दंतकथा यांची नोंद करून गेला. आजही तेनारोच्या दीपगृहाकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक रोमन मोझॅक उघड्यावर, पावसापाण्यात पडलेले दिसते.

मध्ययुगाच्या बाबतीत वाचकाने सावध राहायला हवे. दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टन्टाइन लिहितो की मैना किल्ल्याचे रहिवासी पहिल्या बेसिलच्या कारकिर्दीत, म्हणजे नवव्या शतकाच्या उत्तरार्धात, ख्रिस्ती झाले. त्याआधी ते जुन्या देवांनाच भजत. हे वाक्य इतके आकर्षक आहे की ‘शेवटचे मूर्तिपूजक ग्रीक’ ही मानीची ओळखच त्यावर उभी राहिली. पण तिगानीच्या खडकाळ जिभेवर आणि इतरत्र त्याहून शतकांनी जुन्या ख्रिस्ती बॅसिलिका सापडल्या आहेत. तेव्हा सम्राटाच्या वाक्याला पूर्ण सत्य समजायचे कारण नाही. अकराव्या-बाराव्या शतकांत तर आतल्या मानीत छोट्या छोट्या चर्चची लाटच आली. बांबाका गावच्या एका चर्चमध्ये संगमरवर घडवणाऱ्या निकीतास या कारागिराचे नाव १०७५ या सालासह कोरलेले आहे. ज्या मुलखात जवही जेमतेमच पिकते तिथे इतक्या खोलवर संगमरवर घडवणारे हात आणि ते पोसणारे दाते होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेराव्या शतकाच्या मध्यावर फ्रँकिश राजपुत्र व्हिलआर्दुआँ याने डोंगरी टोळ्यांवर वचक बसवायला एक मोठा किल्ला बांधला आणि थोड्याच वर्षांत, १२६२ मध्ये, मिस्त्रास आणि मोनेम्वासियाबरोबर तो बायझंटाइनांना परत द्यावा लागला. तो नेमका कुठे होता यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

तुर्की काळात मानी ‘स्वतंत्र’ राहिली ती कर, करार, बंड आणि वाटाघाट यांच्या सततच्या ओढाताणीतून. सतराव्या शतकात तुर्कांनी इतिलोवर नजर ठेवणारा केलेफाचा किल्ला बांधला. १७७० च्या ओर्लोव उठावात मानी रशियाच्या भरवशावर उठली आणि रशियन ताफा निघून गेल्यावर सगळ्या पेलोपोनीसने किंमत मोजली. त्यानंतर १७७६ पासून मानीला स्वतःचा बेय मिळाला. स्थानिक घराण्यातला माणूस, सुलतानाने मान्य केलेला, थोड्या खंडणीच्या बदल्यात बराचसा मोकळा. असे आठ बेय झाले. शेवटचा पेत्रोबेय माव्रोमिखालिस. १७ मार्च १८२१ ला आज अरेओपोली म्हणतात त्या गावात मानीने तुर्कांविरुद्ध युद्धाचा झेंडा उभारला आणि २३ मार्चला बंडाचा सेनानी कोलोकोत्रोनिस याच्याबरोबर कालामाता घेतले. ग्रीस राष्ट्रीय दिन २५ मार्चला साजरा करतो. आपण आधी उठलो हे मानीचे लोक कधी विसरू देत नाहीत. १८२६ मध्ये हा उठाव मोडायला आलेली इब्राहिम पाशाची फौज वेर्गाच्या भिंतीवर अडली, आणि दिरोसला समुद्रातून उतरलेल्या सैनिकांवर कापणीला गेलेल्या बायका विळे घेऊन धावल्या.

मला यापुढचा भाग जास्त बोलका वाटतो, कारण तिथे वीरगाथा संपते. स्वातंत्र्य मिळाल्यावर मानीला केंद्रसत्ता हवी होती का? ग्रीसचे राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांनी पेत्रोबेयला तुरुंगात घातले, आणि ९ ऑक्टोबर १८३१ रोजी नाफ्प्लियोतल्या चर्चच्या दारात त्याच्या भावाने व मुलाने कापोदिस्त्रियास यांचा खून केला. पुढे ग्रीसचा कारभार पाहणाऱ्या बव्हेरियन राजप्रतिनिधींनी १८३४ मध्ये बुरूज पाडायला सैन्य पाठवले, तेव्हा मानीने तेही परतवले. सरकारने अखेर मानीकरांना आपल्याच फौजेत घेऊन मार्ग काढला. राज्य आणि घराणे यांच्यात निष्ठा कुणाशी, हा प्रश्न ज्यांच्या इतिहासात आहे अशा कोणत्याही वाचकाला ही पाने ओळखीची वाटतील.

बुरुजांचे गणित याच प्रश्नाशी जोडलेले आहे. बुरूज हा राहायचा वाडा नव्हता. तो घराण्याचे शस्त्र होता. उंची जितकी जास्त तितके शेजाऱ्याच्या छपरावर गोळी टाकणे सोपे. मुलगा जन्मला की घरात ‘बंदूक’ आली असे म्हणत. वैराचे नियम काटेकोर होते. घराण्यातल्या ज्येष्ठांची सभा निर्णय घेई. कापणीच्या, नांगरणीच्या वा सणाच्या काळात ‘त्रेवा’ म्हणजे तह पाळला जाई. आणि एक बाजू हरली की तिने शस्त्र टाकून, मान खाली घालून क्षमा मागण्याचा ठरलेला विधी होता. हे सगळे रक्तपाताला आळा घालणारे नियम होते, याकडे प्रवासवर्णनांनी फार थोडे लक्ष दिले.

आता अभ्यासाच्या वाटांविषयी. पहिली वाट प्रवाशांची. १८०५ मध्ये विल्यम मार्टिन लीक इथे फिरला आणि अंतरे, गावे, लोकसंख्या, घराणी यांची बारकाईने टिपणे ठेवून गेला. त्याची नजर सैनिकाची आणि भूगोलतज्ज्ञाची. दीडशे वर्षांनी पॅट्रिक ली फर्मरने १९५८ मध्ये ‘मानी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि जगाच्या कल्पनेतली मानी घडवली. त्याच्या शब्दसंपत्तीला तोड नाही, आणि पुढे कार्दामिलीत घर बांधून तो आयुष्यभर राहिला, यावरून प्रेमाची खोली कळते. तरीही मला त्याच्याशी भांडावेसे वाटते. त्याची मानी प्राचीन ग्रीसचा थेट वारसा जपणारी, काळाबाहेरची आहे. दर्यावरची ये-जा आणि टंचाई त्यात मागे पडते. दुसरी वाट बायझंटाइन कलेच्या अभ्यासकांची. निकोलाओस द्रांदाकिस यांनी आतल्या मानीतली भित्तिचित्रे गावोगाव जाऊन नोंदवली, आणि आज कित्येक भिंतींचे रंग त्यांच्या छायाचित्रांतच उरले आहेत. तिसरी वास्तुशास्त्राची, यानिस साइतास यांनी घराणी, वस्त्या आणि बुरूज यांचा संबंध नकाशांतून दाखवला. चौथी पुरातत्त्वाची, जिचा उल्लेख वर झालाच.

पाचवी वाट माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. मानीच्या बायकांची मिरोलोयी, म्हणजे मृतासाठी गायलेली विलापगीते. ग्रीसच्या इतर भागांत अशी गीते बहुधा पंधरा अक्षरांच्या ओळीत चालतात; मानीत ती आठ अक्षरांच्या आखूड, धारदार ओळीत असतात. ती केवळ शोक करत नाहीत. मेलेला कसा मेला, कुणी मारला, कुणी मदतीला आले नाही, हे सर्व त्यांत येते; कित्येकदा सूडाची मागणी तिथूनच उठत असे. नादिया सेरेमेताकिस यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की हे गाणे एकटीचे नसते. एक बाई गाते, दुसऱ्या साक्ष देतात, आणि या साक्षीतून बायका पुरुषांच्या सभेबाहेर आपला न्यायनिवाडा करतात. जात्यावरच्या ओव्यांतून बायकांचा इतिहास गोळा करण्याचे काम ज्यांनी महाराष्ट्रात पाहिले आहे, त्या मराठी वाचकाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बुरूज ज्यांनी बांधले त्यांची नावे वंशावळीत आहेत. बुरुजाखाली काय घडले हे या गीतांत आहे.

आणि मग ते लोक, जे निघून गेले. इतिलो सतराव्या शतकात गुलामांच्या व्यापारामुळे ‘मोठे अल्जियर्स’ म्हणून ओळखले जाई. पकडलेले तुर्क ख्रिश्चनांना आणि ख्रिश्चन तुर्कांना विकले जात. याच बंदरातून १६७५ मध्ये सातशेहून अधिक माणसे जेनोआकडे निघाली आणि कोर्सिकात वसली. त्यांच्या वंशजांचे कार्जेज गाव आजही आहे; तिथे ग्रीक आणि लॅटिन पंथांची चर्चे समोरासमोर उभी आहेत. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात मानीकर पिरेयसला गेले, जिथे मानियातिका नावाची त्यांची वस्ती झाली, आणि अमेरिकेला गेले. वाथियासारखी गावे ओस पडली ती लढायांनी नव्हे, या निघून जाण्याने.

हे पुस्तक आत्ताच का, याला कारणे आहेत. जे गाव पन्नास वर्षांपूर्वी रिकामे होते तिथे आज हॉटेले आहेत. बुरूज दुरुस्त होतात, ही आनंदाची गोष्ट. पण त्यांच्यासोबत नव्या घरांवर काँक्रीटवर दगडाचा मुलामा देऊन केलेले खोटे बुरूजही वाढतात. कोरड्या दगडी बांधकामाची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. ग्रीस त्यातला एक देश. पण बांध घालणारे हात म्हातारे झाले आहेत, आणि एकदा बांध कोसळला की माती पुढच्या पावसात समुद्रात जाते. २००७ मध्ये तायगेतोसवर आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्व मानीत लागलेल्या वणव्यांनी दाखवले की सोडून दिलेली, झुडपांनी भरलेली शेते आग किती वेगाने पसरवतात. लोक गेले म्हणून शेते पडीक, शेते पडीक म्हणून आग, आग लागली की उरलेलेही जातात.

या पुस्तकात मी मानीचा सलग इतिहास लिहिलेला नाही. प्रत्येक भाग एखाद्या जागेशी बांधलेला आहे: एक गुहा, एक खाडी, एक चर्च, एक टाकी. त्या जागेतून भूगर्भ, राजकारण, अन्न आणि गीत जिथवर नेतील तिथवर जायचे, अशी रीत ठेवली आहे. त्यामुळे काही घटना दोनदा भेटतील, कारण कापोदिस्त्रियास यांचा खून पेत्रोबेयच्या वाड्यातून वेगळा दिसतो आणि नाफ्प्लियोतून वेगळा. विलापगीतांचा आशय मी गद्यात सांगितला आहे; त्यांचे मराठी पद्य करायचा मोह टाळला, कारण आठ अक्षरांची ती कापरी लय मराठीत आणण्याची माझी ताकद नाही आणि अर्धवट आणून त्या बायकांचा आवाज बिघडवावा असे वाटले नाही.

खालच्या मानीला या पुस्तकात कमी पाने मिळाली आहेत. यीथियो बंदर, त्याच्या समोरचे पॅरिस आणि हेलनचे क्रानाए बेट, लाकोनियाच्या आखातात अंडी घालायला येणारी समुद्रकासवे, हे सगळे स्वतंत्र पुस्तक मागते. ग्रीक नावे मी आजच्या ग्रीक उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; मराठीत रुळलेली प्राचीन नावे मात्र तशीच ठेवली. सुरुवातीच्या नकाशावर इतिलो, अरेओपोली, दिरोस, येरोलिमेनास, वाथिया आणि तेनारो ही सहा ठिकाणे लक्षात ठेवली की पुढचे सगळे प्रवास त्या रेषेच्या आसपास चालतात, आणि कोणत्याही भागापासून वाचायला घेतले तरी चालते.